गाडीसाठी सॅटेलाइट रेडिओ (अमेरिका): कोणता रिसीव्हर, कोणती योजना?

माळरान

गाडी २०११ ची टोयोटा कोरोला. मूळ कंपनीचाच स्टिरिओ आहे, ऑक्स (बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायचं सॉकेट) आहे, ब्लूटूथ नाही. डेन्व्हरहून शायनमार्गे आय-८० महामार्गाने सॉल्ट लेक सिटी अशी नियमित ये-जा असते. वायोमिंगमधल्या रॉलिन्सच्या अलीकडे-पलीकडे मोबाइल डेटा वारंवार तुटतो, एफएम स्टेशनं मागे पडतात आणि तासन्‌तास काहीच लागत नाही. म्हणून सॅटेलाइट रेडिओचा विचार चालू आहे. जाणकारांना प्रश्न असे:

१. सेवा कोणकोणत्या आहेत, आणि वायोमिंगमध्ये नीट चालतात का?
२. स्टिरिओ न बदलता काम होईल, की बदललेलाच बरा?
३. अँटेना स्वतः बसवता येतो का?
४. मराठी काही ऐकायला मिळेल का?

घरातली दुसरी गाडी नवी आहे. तिच्यात तीन महिने फुकट सेवा चालू आहे, ती पुढे ठेवावी की नाही तेही सांगा.

---

तारायंत्र

सेवा एकच आहे, सिरियसएक्सएम. एक्सएम २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये. दोघी एकमेकींच्या स्पर्धक होत्या. जुलै २००८ मध्ये विलीनीकरण झालं आणि तेव्हापासून निवड कंपनीची उरली नाही, फक्त रिसीव्हरची आणि योजनेची उरली.

पण आत अजून दोन वेगळी जाळी आहेत. २३२० ते २३३२.५ मेगाहर्ट्‌झ हा सिरियसचा पट्टा आणि २३३२.५ ते २३४५ हा एक्सएमचा. जुना सिरियस रिसीव्हर एक्सएमचा सिग्नल वाचत नाही, आणि उलटही नाही. त्यामुळे जुना डबा कुणी स्वस्तात देत असेल तर तो कोणत्या जाळ्याचा आहे आणि त्याला अजून सेवा मिळते का, हे आधी विचारा. नवा रिसीव्हर घेणाऱ्याला यात डोकं घालायची गरज नाही.

वायोमिंगबद्दल निर्धास्त राहा. तुमचा रस्ता या सेवेसाठी जवळपास आदर्श आहे. उपग्रह विषुववृत्तावर भूस्थिर कक्षेत, ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास आहेत. डेन्व्हरहून पाहिलं तर एक आग्नेयेकडे आणि एक दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला, दोन्ही क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर. थोडक्यात, दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं. लॅरमी ते रॉक स्प्रिंग्जपर्यंतचा बहुतेक पट्टा उघडा माळ आहे, त्यामुळे तिथे अडचण येऊ नये. त्याऐवजी आय-७० ने ग्लेनवुड कॅन्यनमधून गेलात, तर दक्षिणेची कड्याची भिंत दोन्ही उपग्रह झाकते आणि आवाज जातो. रिसीव्हर कितीही महाग घेतला तरी तिथे तेच होणार.

पावसाची काळजी नको. भारतात डीटीएचची छत्री मुसळधार पावसात चित्र सोडते, कारण ती १०-१२ गिगाहर्ट्‌झच्या घरात चालते. इथली फ्रिक्वेन्सी २.३ गिगाहर्ट्‌झ आहे, तिला पाऊस फारसा अडवत नाही. अडवतात ते पूल, बोगदे, दाट ओली झाडं आणि अँटेनावर साचलेला ओला बर्फ. कोरडा भुरभुरीत बर्फ चालतो. पाघळून पुन्हा गोठलेला थर मात्र हाताने काढावा लागतो.

---

शर्वरी_एडिसन

यात एक भर. दोन उपग्रह एकच कार्यक्रम सुमारे चार सेकंदांच्या अंतराने पाठवतात. रिसीव्हर आधी आलेला सिग्नल साठवून ठेवतो आणि दोन्ही जुळवून वाजवतो. म्हणूनच पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही. मोठ्या शहरांत इमारतींच्या सावलीसाठी जमिनीवर रिपीटर (तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे मनोरे) आहेत, त्यामुळे मॅनहॅटनमध्येही चालतं.

आय-८० वर ट्रकची रांग असते, त्याचाही हिशेब आहे. साडेतेरा फूट उंचीचा ट्रेलर तुमच्या दक्षिणेच्या लेनमध्ये अगदी शेजारी असेल, तर ४० अंशांवरचे उपग्रह त्याच्या आड जातात. पश्चिमेला जाताना डाव्या लेनमधून ट्रक तुम्हाला ओलांडतो तेव्हा, आणि पूर्वेला जाताना तुम्ही उजव्या लेनमधला ट्रक ओलांडता तेव्हा हे घडतं. झटकन ओलांडलं तर चार सेकंदांची शिल्लक पुरते. ट्रकच्या बरोबरीने रेंगाळलात तर आवाज जातो. त्यासाठी रिसीव्हर बदलायला धावू नका, त्यात बिघाड काही नसतो.

---

सोमवारचं_गॅरेज

रिसीव्हरचं सांगतो. २०११ च्या कोरोलासाठी दोन वाटा आहेत.

वाट पहिली: डॉकवर, म्हणजे डॅशवर लावायच्या खोबणीत, बसणारा सुटा रिसीव्हर. ऑनिक्स ईझेडआर किंवा रोडी बीटी या जातीचा. खोक्यात रिसीव्हर, डॉक, सिगरेट लायटरच्या सॉकेटचा पॉवर अडॅप्टर, चुंबकाचा अँटेना आणि ऑक्सची वायर असते. आवाज गाडीत न्यायचे मार्ग गुणवत्तेच्या क्रमाने: ऑक्सची वायर, मग एफएम डायरेक्ट अडॅप्टर, आणि सगळ्यात शेवटी हवेतून एफएम ट्रान्समिशन. तुमच्याकडे ऑक्स आहे, तेव्हा बाकीच्यांच्या वाटेला जाऊच नका. रोडीचं ब्लूटूथ तुमच्या स्टिरिओशी जुळणार नाही, कारण स्टिरिओला ते नाहीच. तेव्हा केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

वाट दुसरी: स्टिरिओ बदलणे. 'सिरियसएक्सएम रेडी' लिहिलेला डबल डिन (दुप्पट उंचीच्या मापाचा) स्टिरिओ आणि सोबत एसएक्सव्ही३०० हा ट्यूनर. ट्यूनर ही छोटी चपटी डबी, डॅशच्या मागे दडते. तिला वेगळी वीज लागत नाही, स्टिरिओकडून येणाऱ्या एकाच केबलमधून वीज आणि ध्वनी दोन्ही जातात. डॅशवर काही लोंबत नाही, गाण्याचं नाव मोठ्या पडद्यावर दिसतं आणि ब्लूटूथ, कारप्ले पदरात पडतं. 'रेडी' याचा अर्थ 'आत आहे' असा नाही. ट्यूनर वेगळा विकत घ्यावा लागतो. दुकानात इथेच लोकांचा घोळ होतो.

माझं मत: गाडी आणखी चार-पाच वर्षं वापरायची असेल तर दुसरी वाट. वर्षभरात विकायची असेल तर पहिली, कारण डॉक काढून पुढच्या गाडीत लावता येतो.

पहिल्या वाटेवर एक धोका आहे. नवे डॉक ५ व्होल्टवर चालतात. जुन्या सिरियस आणि एक्सएम डॉकचे काही अडॅप्टर १२ व्होल्ट देतात आणि पिन दिसायला सारखीच असते. जुना अडॅप्टर नव्या डॉकला लावला तर रिसीव्हर जळू शकतो. खोक्यात आलेलाच अडॅप्टर वापरा. घरात पडलेला 'चालेल की' म्हणून लावू नका.

---

माळरान

ऑक्सने लावलं तर गुणगुण येते असं वाचलं. ती कशाने?

---

सोमवारचं_गॅरेज

ग्राउंड लूप. रिसीव्हरला जमीन सॉकेटमधून मिळते, स्टिरिओला डॅशमागून, आणि ऑक्सची वायर त्या दोघांना जोडते. दोन जमिनींमध्ये किंचित फरक असला की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू येते. ओळखायची खूण: अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. तो चढत असेल तर दोष अल्टरनेटरकडून येतोय. ऑक्सच्या वायरीत ३.५ मिलिमीटरचा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, बहुतेक वेळा तेवढ्यात थांबते.

सूर चढत नसेल आणि नुसतीच घरघर असेल, तर बहुधा पातळीचा प्रश्न असतो. रिसीव्हरच्या मेनूत ऑडिओ लेव्हल वाढवा आणि स्टिरिओचा आवाज कमी ठेवा. एफएम आणि ऑक्सचा आवाज साधारण सारखा येईपर्यंत जुळवा. रिसीव्हर कमी आणि स्टिरिओ पूर्ण वर असं ठेवलं, की घरघरही तेवढीच मोठी होते.

लायटरच्या त्याच सॉकेटला लावलेल्या जोडगोळीत स्वस्तातला यूएसबी चार्जर खुपसला असेल तर आधी तो काढून बघा.

---

शर्वरी_एडिसन

ज्यांच्या गाडीत ऑक्स नाही त्यांच्यासाठी. हवेतून एफएम लावायचं तर स्टेशन नसलेली जागा शोधावी लागते. सुरुवात ८७.९ पासून करा, अनेक शहरांत ती मोकळी सापडते. या ट्रान्समिटरची ताकद कायद्याने बांधलेली आहे: तीन मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. म्हणून न्यूयॉर्क, शिकागोसारख्या गर्दीच्या बँडवर शेजारचं स्टेशन त्याला दाबून टाकतं, आणि शहर बदललं की जागाही बदलावी लागते. एफएम डायरेक्ट अडॅप्टर गाडीच्या अँटेनाची वायर आणि स्टिरिओ यांच्या मध्ये बसतो, त्यामुळे ही भानगड राहत नाही. त्यासाठी स्टिरिओ बाहेर ओढावा लागतो, एवढंच.

---

तारायंत्र

आता अँटेना. माझ्या मते सेवा नीट चालेल की नाही याचा निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो. रिसीव्हर निवडायला लोक आठवडा घालवतात आणि अँटेना डॅशवर ठेवून मोकळे होतात. काचेतून सिग्नल येतो, पण वरचं छत अर्धं आकाश झाकतं. गाडीचं तोंड उत्तरेला असेल तर दक्षिणेचे उपग्रह थेट छताआड जातात. धातूची फिल्म लावलेली काच असेल तर विषयच संपला.

अँटेना छतावर, बाहेर, सपाट. कडेपासून, सनरूफपासून आणि रूफ रॅकच्या दांड्यांपासून किमान ३ इंच दूर. खालचा पत्रा हा त्या अँटेनाचाच भाग असतो, तो सिग्नल वर परतवतो. कोरोलाचं छत पोलादी आहे, चुंबक घट्ट धरेल. पत्रा आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. वाळूचा एक कण चुंबकाखाली राहिला तरी रंगावर गोल ओरखडा उमटतो.

२०१५ नंतरच्या फोर्ड एफ-१५० ची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, तिला चुंबक चिकटत नाही. तिथे चिकट पट्टीचा तळ लागतो. फायबरच्या किंवा काचेच्या छतावर खाली धातूचा तुकडा द्यावाच लागतो.

---

सोमवारचं_गॅरेज

कोरोला सेडानसाठी वायर अशी न्या.

अँटेना छताच्या मागच्या टोकाला, मधोमध, मागच्या काचेपासून ३-४ इंच पुढे. वायर सरळ मागे काचेच्या रबरी पट्टीत दाबा. प्लास्टिकचा पाना वापरा, स्क्रूड्रायव्हरने रबर फाटतं. पट्टीतून काचेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत उतरवा आणि तिथून डिकीच्या चौकटीत घ्या. डिकीच्या रबरी गास्केटखालून आत घालताना जागा शक्य तितकी खाली निवडा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली लोंबता बाक द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं. बाक असेल तर तिथून ठिबकतं, नसेल तर डिकीत उतरतं आणि स्पेअर टायरच्या खळग्यात साचतं. ते महिनोन्‌महिने कळत नाही.

डिकीतून मागच्या सीटखाली. मग दरवाज्यांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या वर ओढून काढा, त्या क्लिपांवर असतात. वायर त्यांच्या खालून पुढे, पायापाशी असलेल्या बाजूच्या पॅनेलमागून डॅशच्या मागे. खांबांच्या आवरणात शिरू नका, एअरबॅगवाल्या गाड्यांत खांब आणि छताची कड ही त्यांची जागा आहे.

उरलेली वायर सीटखाली सैल इंग्रजी आठच्या आकारात बांधा. कापून जोडू नका. घट्ट वेटोळं करू नका, तीक्ष्ण वळण देऊ नका. कोअॅक्स (अँटेनाची ही वायर) चेपली की बाहेरून काही दिसत नाही आणि सिग्नल मात्र गळतो.

---

नेवाडा_ते_नाशिक

स्टिरिओ बदलणार असाल तर थोडं माझ्याकडूनही.

बॅटरीची ऋण बाजू १० मिलिमीटरच्या पान्याने काढा आणि किमान ९० सेकंद थांबा, मगच डॅशला हात लावा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला भार उतरायला तेवढा वेळ लागतो. टोयोटाची मूळ वायरिंग कापू नका. मेट्रा ७०-१७६१ हे हार्नेस (वायरींच्या जुडग्याचं) अडॅप्टर घ्या, ते टोयोटाच्या मूळ प्लगमध्ये बसतं. दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या वायरी नव्या स्टिरिओच्या हार्नेसशी टेबलावर बसून जोडा. पिवळी कायमची वीज, लाल किल्लीबरोबरची, काळी जमीन, निळी-पांढरी अॅम्प्लिफायरला जागवणारी. स्पीकर: पांढरी डावा पुढचा, करडी उजवा पुढचा, हिरवी डावा मागचा, जांभळी उजवा मागचा. प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदार ऋण.

पिवळी आणि लाल उलट झाल्या तर रेडिओ चालतो, पण गाडी बंद केली की वेळ आणि साठवलेली स्टेशनं पुसली जातात. दोन्ही पिवळीवर जोडल्या तर सकाळी बॅटरी बसलेली मिळते.

एसएक्सव्ही३०० ग्लव्ह बॉक्सच्या मागे, हीटरच्या नळापासून दूर, जाड चिकट पट्टीने बसवा. खडखडू देऊ नका. सगळं पॅनेल लावण्याआधी गाडी उघड्यावर काढून सिग्नलचे दांडे बघा. गॅरेजमध्ये 'नो सिग्नल' येणारच. 'चेक अँटेना' आला तर मात्र जोड सैल आहे किंवा वायर चेपली आहे.

नव्या गाड्यांच्या मूळ अँटेनाची पिन वेगळी असते. फॅक्टरीच्या शार्क फिनमधून (छतावरच्या माशाच्या परासारख्या अँटेनातून) येणारी सॅटेलाइट रेडिओची पिन फाक्रा जातीची, करी रंगाची, के कोडची. निळी सी कोडची पिन जीपीएसची. सुट्या ट्यूनरला एसएमबी पिन लागते. मूळ फिन वापरायचा असेल तर फाक्रा-एसएमबी अडॅप्टर घ्या.

---

शर्वरी_एडिसन

सेवा चालू करण्याबद्दल. वाहिनी ० वर रेडिओ आयडी दिसतो. तो टिपताना लक्षात ठेवा, त्यात आय, ओ, एस, एफ ही अक्षरं नसतात. ओसारखं दिसतं ते शून्य, एससारखं दिसतं ते ५. एक अक्षर चुकलं तरी तुमचा डबा चालू होत नाही.

गाडी उघड्या आकाशाखाली, रेडिओ चालू आणि वाहिनी १ वर ठेवून मग कंपनीच्या संकेतस्थळावरून सेवा सुरू करा. दहा-पंधरा मिनिटं बंद करू नका. उपग्रहावरून परवानगीचा संदेश येतो आणि त्या वेळी रेडिओ बंद असेल तर तो चुकतो. तसं झालं तर 'रिफ्रेश' सिग्नल पुन्हा मागवा. गाडी बरेच दिवस बंद होती आणि वाहिन्या गायब झाल्या, तरी आधी हाच उपाय करायचा.

वर्गणी रेडिओ आयडीशी बांधलेली असते, माणसाशी किंवा गाडीशी नाही. तेव्हा दोन गाड्यांना दोन वर्गण्या. गाडी विकली तर आयडी खात्यातून काढा.

तुमच्या नव्या गाडीची तीन महिन्यांची मुदत संपली की लगेच पूर्ण दराला हो म्हणू नका. मुदत संपताना आणि त्यानंतर सवलतीच्या योजना येतात. पण त्या मुदत संपताच आपोआप पूर्ण दरावर चढतात. जाहिरातीतल्या दरावर संगीताच्या रॉयल्टीचा वेगळा आकार आणि कर लागतो. अंतिम बेरीज पडद्यावर बघूनच कार्डाचा नंबर द्या. ज्या दिवशी सवलत घेतली त्याच दिवशी तिच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण फोनवर लावा.

बंद करण्याच्या प्रक्रियेबद्दल न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीवर दावा लावला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती प्रक्रिया संघराज्याच्या कायद्याशी विसंगत ठरवली. तेव्हा रद्द करायचं असेल तर ठामपणे तेवढंच सांगा, नव्या ऑफरच्या चर्चेत उतरू नका, आणि पुष्टीचा क्रमांक व चॅटची प्रत जपून ठेवा.

---

तारायंत्र

नव्या गाडीत '३६०एल' लिहिलेलं आहे का बघा. २०१९ च्या रॅम १५०० पासून ते सुरू झालं. त्यात उपग्रह आणि गाडीच्या मोडेमवरून येणारं स्ट्रीमिंग मिसळलेलं असतं. मागणीनुसार ऐकणं, जादा वाहिन्या हे सगळं मोडेमवर अवलंबून. गाडीच्या मोडेमची इंटरनेट सेवा संपली की तो भाग जातो आणि साध्या उपग्रह वाहिन्या राहतात. तेव्हा दर ठरवताना दोन वेगळ्या वर्गण्या एकत्र मोजा.

आवाजाच्या दर्जाचंही स्पष्ट सांगतो. उपग्रहावर बँड अरुंद आणि वाहिन्या शेकड्याने, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) थोडा येतो. बोलण्याच्या वाहिन्या आणखी खाली दाबलेल्या असतात. झांजा आणि तंबोऱ्याचे वरचे स्वर खरखरतात. त्याच कंपनीच्या अॅपवरचा आवाज यापेक्षा सरस आहे. ज्यांना शास्त्रीय संगीत बारकाईने ऐकायचंय त्यांनी विकत घेण्याआधी नव्या गाडीतल्या फुकट मुदतीत कान देऊन बघावं.

---

मिरजेचा_श्रोता

असा रिसीव्हर भारतात आणून चालेल का?

---

तारायंत्र

नाही. सिरियसएक्सएमचे उपग्रह उत्तर अमेरिकेकडे वळवलेले आहेत. अमेरिकेची सलग ४८ राज्यं आणि कॅनडाचा मोठा भाग, एवढंच क्षेत्र. हवाईतही उपग्रहाची सेवा नाही. भारतात त्या डब्याला पकडायला काही नाही.

भारतात वर्ल्डस्पेस होती. तिचा एशियास्टार उपग्रह २००० मध्ये गेला, १०५ अंश पूर्वेला. गंधर्व ही हिंदुस्तानी आणि श्रुती ही कर्नाटक संगीताची वाहिनी अजून पुष्कळांच्या आठवणीत आहे. तिच्या घरगुती रिसीव्हरचा अँटेना उपग्रहाकडे रोखून ठेवावा लागे, चालत्या गाडीसाठी ती सोय नव्हती. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. संग्राहकांच्या घरातले तिचे जुने डबे आज वाजणार नाहीत.

---

नेवाडा_ते_नाशिक

मराठीबद्दल कुणी बोललं नाही. सिरियसएक्सएमवर मराठी वाहिनी नाही. त्यासाठी ऑक्सलाच फोन जोडा. आकाशवाणीची केंद्रं न्यूजऑनएअर अॅपवर मिळतात, पण त्याला डेटा लागतो, आणि रॉलिन्सला तोच नसतो. म्हणून पॉडकास्ट, कीर्तनं, अभिवाचनं घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या. १२८ किलोबिटला तासाला सुमारे ५८ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचं ऐकणं ६०० एमबीच्या आत बसतं.

ऑक्सला रिसीव्हर आणि फोन दोन्ही हवे असतील तर वाय-केबलने एकत्र करू नका. दोघांचे आउटपुट एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज दबतो. ३.५ मिलिमीटरचा दोन-मार्गी स्विच मिळतो, तो लावा.

---

माळरान

मनापासून आभार. गाडी ठेवायची आहे, त्यामुळे स्टिरिओ आणि एसएक्सव्ही३०० असं ठरतंय. शेवटची शंका: छतावर आधीच गाडीचा एफएमचा अँटेना आहे, त्याचा त्रास होईल का?

---

सोमवारचं_गॅरेज

तो चुंबकापासून ३ इंचांपेक्षा लांब राहील असं बघा. जवळ असेल तर नवा अँटेना बाजूला सरकवा, मधोमध असलाच पाहिजे असं नाही. गाडी धुण्याच्या यंत्रात नेण्याआधी मात्र चुंबक उचलून डिकीत ठेवा. फिरत्या ब्रशांत वायर अडकली की काचेच्या रबरासकट ओढली जाते. त्यासाठी डिकीच्या तोंडाशी वायर एक-दीड फूट सैल सोडा.